साडेसेहेचाळीस वाऱ्या

आमच्या नानांना कुणी विचारले, “नाना, आजवर वाऱ्या किती झाल्या?” तर ते वाण्याच्या दुकानातला हिशेब सांगावा तशा आवाजात सांगत, “साडेसेहेचाळीस.”

ऐकणारा हमखास हसे. वारी म्हणजे काही दूध नव्हे, की शेर घेतले काय नि अच्छेर घेतले काय! एक तर ती होते, नाही तर चुकते. आम्ही मुले तर या साडेला फार हसत असू. धाकट्या भावाने एकदा विचारले होते, “नाना, तुम्ही एका वर्षी एकाच पायाने चालत गेला होता का हो?” त्यावर नानाही मनमोकळे हसले होते. पण पुढच्या खेपेला कुणी विचारलेच, तर पुन्हा उत्तर तेच. अर्धी कमी नाही, अर्धी जास्त नाही.

त्या अर्ध्या वारीची ही गोष्ट आहे. नानांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. ते 1986 साली गेले. ही गोष्ट नीट ठाऊक असलेला घरात आता मी एकटाच उरलो आहे. आणि तीत माझा वाटा जो आहे, तो आजवर मी एका नानांखेरीज कुणाजवळ बोललेलो नाही.

नाना म्हणजे माझे थोरले काका. माझे वडील 1952 साली, ऐन आषाढाच्या तोंडावर गेले, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि धाकटा आईच्या कडेवर होता. त्या वर्षी नानांनी वारीसाठी बांधून ठेवलेली पडशी सोडली. दहावे-बारावे उरकले त्या दिवशी त्यांनी माझ्या आईला बोलावून सांगितले, “तू माहेरी जायचं नाहीस. पोरं इथंच वाढतील.” एवढेच. त्यानंतर चौतीस वर्षांत त्या वाक्याचा उच्चार त्यांनी पुन्हा केला नाही आणि ते मोडलेही नाही. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली होत्या. दिवाळीला कापड आणले की चौघांसाठी एकाच ताग्यातले आणीत. त्यामुळे आम्ही चौघे बँडपथकातल्या पोरांसारखे दिसत असू खरे, पण कुणाला कमी मिळाले असे म्हणायला जागा नसे.

नाना पुण्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. आता तो धंदाच राहिला नाही, तेव्हा थोडे सांगायला हवे. शिशाचे बारीक खिळे, एकेका खिळ्यावर एकेक उलटे अक्षर. समोर उतरत्या मेजावर लाकडी केस, तिच्यात शेकडो खण. मराठीचे काम फार किचकट; काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी आणि जोडाक्षरांचा तर संसारच निराळा. डाव्या हातात स्टिक धरायची, आणि नजर हस्तलिखितावर ठेवून उजव्या हाताने न बघता खणातून खिळा उचलायचा. नानांची बोटे वाणसामानातले खडे निवडणाऱ्या बाईसारखी चालत. जुळलेल्या ओळी ते उलट्याच वाचीत. मी अक्षरे शिकलो ती त्यांच्या मांडीवर. त्यामुळे शाळेत पहिल्या दिवशी मी पाटीवर ‘क’ उलटा काढला आणि गुरुजींचा मार खाल्ला!

वारीचे तीन आठवडे बिनपगारी असत. ती भर नाना दिवाळीच्या आधी काढीत. 1909 साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजना’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी अंकाशिवाय होत नाही, पण तो अंक वेळेवर निघावा म्हणून भाद्रपद-आश्विनात छापखान्यांतून रात्र रात्र दिवे जळत, हे वाचणाराच्या ध्यानात येत नसे. नाना त्या दिवसांत दोन दोन पाळ्या करीत. पहाटे घरी येत तेव्हा बोटे शिशाने काळी झालेली असत. आमच्या घरातल्या करंज्या-चकल्या त्या काळ्या बोटांतून आल्या आहेत. अजूनही नवा दिवाळी अंक हातात आला की मी आधी तो नाकाशी नेतो. आता शाईला तो वास येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही नारायण पेठेत, नदीपासून फार दूर नाही अशा एका जुन्या वाड्यात राहत होतो. दोन चौक, मध्ये आड, अकरा बिऱ्हाडे. त्यांत शिंपी होता, पोस्टमन होता, मास्तर होते, एक फुलवाली होती. संध्याकाळी नाना कामावरून आले, हातपाय धुतले, की पुढच्या चौकातल्या ओट्यावर हरिपाठाला बसत. कुणाला या म्हणून बोलावीत नसत. पण नानांचे टाळ वाजले की बिऱ्हाडांतून एकेक जण येई. ज्यांची दिवसा नळावर कडाकडा भांडणे झालेली असत, त्याही बायका तिथे शेजारी शेजारी बसत. भांडण मिटवायचे म्हणून नानांनी कधी मध्यस्थी केलेली मला आठवत नाही. ते फक्त टाळ वाजवीत.

मागच्या चौकातल्या अंधाऱ्या खोलीत एक आजी राहत. कोकणातून आलेल्या, एकट्या. त्यांचा मुलगा मुंबईस गेला, तो तिकडचाच झाला. गुडघे धरल्यामुळे त्यांना दोन पायऱ्याही चढवत नसत. नाना त्यांना ‘मावशी’ म्हणत. नाते काही नव्हते. पण दर एकादशीला नाना त्यांच्या खोलीत जात आणि त्यांना लहान पोरासारखे दोन्ही हातांवर उचलून ओट्यावर आणून बसवीत. हरिपाठ झाला की पुन्हा उचलून खोलीत पोचवीत. आजी दर वेळी संकोचून म्हणत, “नाना, किती रे त्रास तुला!” आणि नाना दर वेळी म्हणत, “मावशी, शिशाची गॅली उचलणारा माणूस मी. तुम्ही त्याच्यापुढं कापूस!”

1961 साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे आषाढी जुलैच्या अखेरीकडे गेली होती. माउलींची पालखी पुण्यात आली, दोन रात्री राहिली. आमच्या वाड्याने दरवर्षीप्रमाणे दिंडीला पिठलेभाकरीचे जेवण घातले. आणि मग नाना खांद्यावर पडशी टाकून, कपाळी बुक्का लावून निघाले. वाड्याच्या दिंडीदरवाजाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“घरात आता मोठा पुरुष तूच,” ते म्हणाले. “मागच्या आजींकडं लक्ष ठेव रे.”

त्या बोलण्याने मी केवढा फुगलो होतो! दोन दिवस मी घरात खाकरून बोलत होतो.

त्यानंतर काय झाले ते पुण्याच्या जुन्या माणसाला सांगायला नको. आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. त्या जुलैत पावसाने कहर केला, धरण खचू लागले, आणि आदल्या रात्री लष्कराचे जवान त्याच्यावर वाळूची पोती रचीत होते. बुधवारी, 12 जुलैला, सकाळी सातच्या सुमारास ते फुटले. आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. शाळेची तयारी चालली होती. मग रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला, “धरण फुटलं! पळा, पळा!” आधी वाटले, कुणीतरी हूल उठवली. पण थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी तांबडे पाणी दिसले. ते धावत आले नाही. दूध उतू जाताना जसे वर चढते तसे चढत आले.

काकूने दोन्ही मुलींचे हात धरले. आईने धाकट्याला उचलले आणि मला म्हणाली, “धाव, आजींना हाक मार, आणि शिंप्याला म्हणावं त्यांना उचला.” मी मागच्या चौकात गेलो. शिंप्याच्या दाराला कडी होती. तो आपली माणसे घेऊन केव्हाच निघून गेला होता. चौकात घोट्याएवढे पाणी आले होते. आजी कॉटवर बसून एका फडक्यात देव बांधीत होत्या. मी म्हटले, “आजी, चला, पाणी आलं.” त्या म्हणाल्या, “आलेच रे बाळा. एवढं बांधते. तू हो पुढं.”

आणि मी झालो पुढे.

दरवाजाशी आईने विचारले, “आजी?” मी म्हटले, “येताहेत.”

आम्ही गर्दीतून शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत पोचलो. दुपारी खडकवासल्याचे जुने धरणही गेले. लकडी पूल बुडाला, नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसले. मातीच्या भिंतींना पाणी लागल्यावर त्या विरघळतच गेल्या. संध्याकाळी वीज नाही, पाणी नाही, आणि घटकेघटकेला कुणीतरी ओरडे, “पुन्हा पाणी येतंय!” की सगळी शाळा जिन्याकडे धावे. वाड्यातली दहा बिऱ्हाडे एकेक करीत येऊन मिळाली. अकरावे आले नाही.

पालखी तेव्हा दिवेघाट चढून, सासवड मागे टाकून जेजुरीच्या आसपास होती. बातमी तिथे संध्याकाळी पोचली, तीही कुणी म्हणे पुणे अर्धे गेले, कुणी म्हणे सगळे गेले. नाना हे ऐकून काय म्हणाले ते मला त्यांच्या दिंडीतल्या एका वारकऱ्याने पुढे सांगितले. ते काहीच म्हणाले नाहीत. टाळ पडशीत टाकले, विणेकऱ्याच्या पाया पडले आणि पंढरीकडे पाठ केली. दिंडीतल्या बायांनी तेवढ्यात रात्रीसाठी थापलेल्या भाकऱ्या एका धोतरात बांधून त्यांच्या पाठीला दिल्या. वाहन मिळेना. रात्रभर, पावसात, ज्या वाटेने आले त्याच वाटेने ते चालत निघाले. सारा मेळा पंढरीकडे चाललेला, आणि हा एक माणूस उलटा. नाहीतरी उलटी अक्षरे वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

दुसऱ्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास ते शाळेत आले. आधी वाड्यावर जाऊन आले होते, हे त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलावरून कळत होते. मागचा चौक सगळा बसला होता, हेही त्यांनी पाहिले होते. त्यांनी आम्हां सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, बिऱ्हाडे मोजली आणि विचारले, “मावशी कुठं?”

कुणी बोलेना. काकू पदराने डोळे पुसू लागली. तेव्हा मी, बारा वर्षांचा पोरगा, उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, “तुम्ही इथं असता तर त्या वाचल्या असत्या! तुम्ही तिकडं टाळ कुटत होता! कुठं होता तुमचा विठोबा?”

आईने माझ्या मुस्काटात मारली. नानांनी तिचा हात धरला. “मारू नकोस,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “विठोबा कुठं होता ते मला ठाऊक नाही, बाळा. मी कुठं होतो ते ठाऊक आहे.”

आणि पाठीवरचे धोतर सोडून ते भाकऱ्या वाटू लागले.

भाकऱ्या वाटतानाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेत आमच्यासारखी वाड्यांतली माणसे होती, तशी नदीकाठच्या वस्तीतलीही होती. एका मोठ्या पातेल्यात कुणीतरी सगळ्यांसाठी आमटी केली होती. एक सोवळ्या म्हातारबाई कोपऱ्यात बसून पुटपुटल्या, “कुणाच्या हातची आहे कोण जाणे!” 1947 साली पंढरपूरचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा नानांनी हरिपाठाच्या ओट्यावर त्यांच्या बाजूने बोलून वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांचा अबोला ओढवून घेतला होता, असे काकू सांगे. त्या दिवशी मात्र ते वादात पडले नाहीत. त्यांनी त्याच पातेल्यातली वाटीभर आमटी घेतली, त्या म्हातारबाईंच्या पुढ्यात बसून भाकरीबरोबर खाल्ली, आणि दुसरी वाटी त्यांच्यापुढे ठेवली. “दिवेघाटात तहान लागते तेव्हा तांब्या कुणाचा ते आम्ही विचारत नाही, आई,” ते म्हणाले. “हाही घाटच आहे.” म्हातारबाई थोड्या वेळाने जेवल्या.

आजी दोन दिवसांनी सापडल्या. देवांचे फडके हातात होते. नानांनी त्यांना उचलले, नेहमी उचलीत तसे दोन्ही हातांवर, आणि कुणालाही हात लावू दिला नाही. मुंबईस तार केली होती. मुलगा वेळेवर पोचला नाही. अग्नी नानांनीच दिला.

मग सुरू झाले ते खरे काम. आडातला गाळ उपसायचा होता. खडकवासलाच गेल्यामुळे शहराला पाणी नव्हते. जुने आड आणि कात्रजच्या पाण्याचे पेशवाईतले हौद पुन्हा कामाला लागले होते. नाना पहाटे दोर लावून आडात उतरत आणि आम्ही पोरे वर बादल्या ओढीत असू. दिवसा छापखाना. तिथे केसेसमध्ये चिखल भरला होता आणि लाखो खिळे एकमेकांत मिसळले होते. क कुठे, ज्ञ कुठे, मात्रा कुठे, पत्ता नाही. ते बादल्यांतून धुऊन, एकेक निवडून, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. महिना दीड महिना नाना आणि त्यांचे सोबती तेच करीत होते. मी एकदा डबा घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, “बघ, अक्षरांचीसुद्धा बिऱ्हाडं उठलीत.”

माणसांची बिऱ्हाडे बसवणे अधिक कठीण होते. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती पुढे उभ्या राहिल्या. त्याआधी कित्येकांनी पत्र्याच्या अर्धगोल हटांतून दिवस काढले. पण छप्पर मिळायचे तर अर्ज हवा, पंचनामा हवा, भाडेपावती हवी. आणि पावत्या तर नदीने नेलेल्या! नानांचे अक्षर मोत्यासारखे. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाचा अर्ज त्यांनी लिहिला, प्रत्येकाबरोबर कचेरीच्या बाकावर बसले. फुलवालीला अंगठा उठवण्याऐवजी सही करता यावी म्हणून तिला तिच्या नावाची चार अक्षरे शिकवली. छापखान्यातल्या एका रद्दी प्रूफाच्या पाठीवर त्यांनी अकरा ओळींची यादी केली आणि आमच्या भाड्याच्या नव्या खोलीत खिळ्याला टांगली. ज्याला घर मिळे, त्याच्यापुढे बारीक फुली. सर्वांत खाली आमचे नाव होते. सर्वांत वर आजींचे. त्यांच्यापुढे फुली नव्हती, आणि ओळ खोडलेलीही नव्हती.

1962 साली पालखी आली, तेव्हा नानांनी लकडी पुलाजवळ उभे राहून दर्शन घेतले आणि ते कामावर गेले. 1963 सालीही तसेच. दिंडीतली माणसे घरी आली, “नाना, माळकऱ्याची वारी चुकते हो!” म्हणून समजावू लागली. नाना म्हणाले, “चुकते खरी. पण अजून तीन नावं उरलीत.” त्या दोन वर्षांत त्यांनी एकादशी सोडली नाही, हरिपाठ सोडला नाही, फक्त वारी सोडली, आणि ज्याला वारी म्हणजे काय ते ठाऊक आहे त्यालाच त्या ‘फक्त’चा अर्थ कळेल.

1964 च्या वसंतात शेवटच्या बिऱ्हाडाला, म्हणजे आम्हांला, दोन खोल्यांचे घर मिळाले. त्या वर्षी ज्येष्ठात नानांनी माळ्यावरून पडशी काढली.

निघण्याच्या आदल्या रात्री मला झोप येईना. मी पंधरा वर्षांचा झालो होतो. तीन वर्षे एक गोष्ट माझ्या पोटात सलत होती, आणि नाना पुन्हा दिंडीदरवाजातून जाणार या कल्पनेनेच जीव घाबरा झाला. ते गॅलरीत पडशी शिवत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो आणि सांगून टाकले, की आजी ‘आलेच’ म्हणाल्या तेव्हा त्यांना चालवत नाही हे मला ठाऊक होते. शिंपी नाही हेही मी पाहिले होते. तरी मी पळालो. आईला ‘येताहेत’ म्हणालो, ते खोटे होते. आणि शाळेत मी तुमच्यावर ओरडलो ते एवढ्यासाठीच, की माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये.

नानांनी सुई बाजूला ठेवली. रागावले नाहीत, की ‘जाऊ दे’ही म्हणाले नाहीत. थोडा वेळ गेला.

“तू शाळेत ओरडलास तेव्हाच मला कळलं होतं,” ते म्हणाले. “तुझे पाय कापत होते. पण तू सांगेपर्यंत बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.”

मी रडू लागलो.

“हे बघ,” ते म्हणाले, “त्यांना उचलायला माणूस माझ्या हाडापेराचा लागतो. बारा वर्षांच्या पोराच्या गळ्यात मी माझं काम अडकवलं आणि निघून गेलो. ‘मोठा पुरुष तूच’ म्हणालो. चूक ती आहे. ती माझ्या नावावर मांड. तुझ्या नावावर ‘येताहेत’ एवढंच मांडून ठेव, आणि पुन्हा तसं बोलू नकोस.”

नानांनी मला माफ केले असे मी म्हणणार नाही. त्यांनी हिशेब केला. माझे माझ्याकडे ठेवले आणि त्यांचे त्यांनी उचलले. पुढे आयुष्यात पुष्कळांनी माझी समजूत घातली, पण इतके हलके मला पुन्हा कधी वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण या वेळी काही सांगितले नाही. त्यांनी आधीच फुलवालीच्या मुलाला आणि पोस्टमनला बोलावून घरावर लक्ष ठेवायला सांगून ठेवले होते.

त्यानंतर 1982 पर्यंत एकही वारी चुकली नाही. मुलींची लग्ने झाली, आम्ही दोघे नोकरीला लागलो, छापखान्यातले खिळे गेले आणि यंत्रे बदलली. नाना निवृत्त झाले, पण नव्या वसाहतीच्या पारावर त्यांचे टाळ रोज वाजत. मी बँकेत लागलो. माळ घातली नाही. नानांनी कधी ‘घाल’ म्हटले नाही. 1933 पासूनच्या वाऱ्या मोजून ते सांगत, “साडेसेहेचाळीस,” आणि लोक हसत.

ते गेले ती वेळ पहाटेची होती. सत्तावन्न वर्षांच्या माझ्या आईने, जिने त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, पायाशी डोके ठेवले आणि म्हणाली, “भाऊजी, माहेरी गेले नाही मी.” त्यांच्या हरिपाठाच्या पोथीला एक जाडसर कव्हर होते. ते सोडले तेव्हा आतून रद्दी प्रूफ निघाले. अकरा ओळी, दहा फुल्या.

पुढच्या वर्षी, 1987 साली, मी रजा काढली. नानांची अर्धी वारी पुरी करायची, असे मनाने घेतले होते. ते जेजुरीहून परतले होते, म्हणून मी जेजुरीला जाऊन त्यांच्या दिंडीत शिरलो. विणेकरी नवा होता, पण म्हातारी माणसे ओळखीची निघाली. नीरेकाठी पादुकांचे स्नान पाहिले. लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. पायाला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. बँकेतल्या माणसाला चालता चालता दुसरे काय सुचणार? मी अंतराचा हिशेब करू लागलो.

आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. आळंदीहून जेजुरी फार तर पंचाहत्तर. म्हणजे नाना परतले तेव्हा वारी अर्धी झालीच नव्हती. तिसऱ्या हिश्शाच्या आतबाहेरच होती. मी चमकलो. नाना हिशेबात चुकणारे नव्हते. खोटे माप तर त्यांनी देवालाही दिले नसते. मग अर्धी कशी?

वेळापूरच्या पुढे केव्हातरी ते माझ्या ध्यानात आले. आळंदी ते जेजुरी पंचाहत्तर. आणि जेजुरीहून पुन्हा पुणे, ती पावसातली रात्र, पाठीवर भाकऱ्या, आणखी पन्नास. सव्वाशे. बरोबर अर्धी. पंढरीकडे पाठ करून ते जेवढे चालले, तेवढेही त्यांनी वारीतच धरले होते. कुणाला न सांगता, फुशारकी न मारता, पंचवीस वर्षे ते तो हिशेब सगळ्यांना सांगत होते आणि आम्ही हसत होतो.

पंढरपुरात नामदेव पायरीशी मी डोके टेकले. निघालो तेव्हा मनात होते, की तिथे उभे राहून म्हणायचे, “नाना, सत्तेचाळीस पुऱ्या झाल्या.” पण तसे म्हणवले नाही. पुरी करायला तिथे काही उरलेच नव्हते.

आता माझी नातवंडे विचारतात, “आजोबा, तुमच्या नानांनी किती वाऱ्या केल्या?” मी सांगतो, “साडेसेहेचाळीस.” ती हसतात. मी त्यांना हसू देतो.